गोंडोलाच्या ‘सवलतीच्या’ तिकिटांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जायचे बेत वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात ठरू लागले की ‘गोंडोला तिकीट ३० टक्के कमी दरात’ असे तिथल्या केबल कारविषयीचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. स्कीइंग शिकायला जाणारी मुले आणि सोबतचे आईवडील त्यात सहज अडकतात, म्हणून हे पत्र.

हा गोंडोला जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ चालवते. दर तेच ठरवते आणि तिकीट प्रवाशाच्या नावावर निघते. मग मधला माणूस सवलत देतो ती कोणाच्या खिशातून? पुष्कळदा विकला जातो तो फक्त पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगडोरी. अफरवत डोंगरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीच्या स्थानकावर नेणाऱ्या दुसऱ्या टप्प्याचे तिकीट वेगळे असते, आणि सराईत स्कीअरना हवा असतो तो नेमका तोच उतार. किंवा एकच पीडीएफ दहा जणांना विकलेली असते. ज्याचा क्यूआर कोड आधी वाचला गेला तो वर जातो, बाकीचे बर्फात उभे. म्हणून तिकीट हाती येताच नाव, तारीख, वेळ आणि टप्पा ओळखपत्र समोर ठेवून ताडून पाहावे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. अशा वेळी परतावा साधारणपणे ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जातो. तिकीट एजंटाने काढले असेल, तर पैसे एजंटाकडे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायचीही एक रीत आहे. सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी जे नाव असते तेच खरे मालकाचे. त्याच्या डावीकडे ‘गुलमर्ग’, ‘ऑफिशियल’ काहीही लिहिता येते. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये, ते बनावट स्थळांवरही दिसते. संकेतस्थळांच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या ‘हू-इज’ (whois) शोधात नोंदणीची तारीख पाहावी. ‘१५ वर्षांची सेवा’ म्हणणारे स्थळ दोन महिन्यांपूर्वीचे निघाले, तर विषय तिथेच संपला. यूपीआयने पैसे देताना पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते. तिथे महामंडळाऐवजी कुणा व्यक्तीचे नाव दिसले, तर मागे फिरावे.

सवलत खोटीच असते असे मात्र नाही. आल्प्समधली अनेक स्की केंद्रे स्वतःच्या संकेतस्थळावर आगाऊ घेतलेला स्की-लिफ्टचा पास स्वस्तात देतात. अर्ध्या दिवसाचे, मुलांचे, नवशिक्यांच्या उतारापुरते पासही मिळतात. जे स्की करणार नाहीत त्यांनी पूर्ण पास घेऊ नये, पायी प्रवाशाचे तिकीट पुरते. स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडमधला पर्यटकांचा रेल्वे-बस पास) असेल तर तिथल्या टिटलिस शिखराच्या केबल कारला निम्मेच भाडे पडते. पण दुसऱ्याचे उरलेले दिवस असलेला पास कधीही घेऊ नये. असे पास सहसा हस्तांतरित होत नाहीत, आणि फाटकावर फोटो जुळला नाही तर तो रद्द होतो.

फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते अडवता येतात.

आपला,
एक वाचक, वडोदरा