छज्ज्याची सळई वर का घालतात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गोव्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण एकतर इंटर्नलचे मार्क अजून त्यांच्याच हातात आहेत आणि दुसरं म्हणजे माझे जे मित्र दुसऱ्या कॉलेजांत आहेत त्यांच्याशी बोललं की तेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

माझं घर सत्तरीत. बाबा गवंडी आहेत, तीसेक वर्षं झाली. या चतुर्थीच्या सुट्टीत आरत्या-बिरत्या सगळं आटोपल्यावर मी त्यांच्याबरोबर साखळीजवळच्या एका कामावर गेलो होतो. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीचं सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि टेकू) झालेलं आणि सळ्या बांधायचं काम चालू होतं. बाबा एका पोराला ओरडत होते की वरच्या सळयांवर पाय देऊ नको, त्या खाली दबतील. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, तू इंजिनिअर होणार ना, या पोराला समजावून सांग जरा, बाल्कनीला सळई वर का घालतात आणि आतल्या खोलीच्या स्लॅबला खाली का."

मला सांगता आलं नाही.

आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये मी पास आहे, मार्कही वाईट नाहीत. कँटिलिव्हरवर, म्हणजे बाल्कनीसारख्या एकाच टोकाला धरलेल्या बीमवर, सगळीकडे सारखा लोड असेल तर बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय टू (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचा लोड, एल म्हणजे लांबी) आणि दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमला डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पेपरात डायग्राम काढला, एक वर काढायचा एक खाली, प्लस मायनस घातलं, मार्क मिळाले. पण तो मायनस म्हणजे तिथे काँक्रीट वरच्या बाजूने ताणलं जातं आणि म्हणून सळई वर पाहिजे, हे दोन सेमिस्टरमध्ये मला वर्गात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर असं सांगितलं की साठ पोरांतल्या एकालाही ते कळलं नाही.

बाबांनीच मग बाजूची काजूची एक ओली फांदी तोडली, एक टोक मुठीत घट्ट धरलं आणि दुसरं टोक खाली दाबलं. मुठीच्या जवळ वरची साल ताणली गेली आणि फाटली, आतलं पांढरं दिसायला लागलं आणि खालच्या बाजूची साल सुरकुतली. "वर फाटतंय ना, मग शिवण कुठे घालणार?" एवढंच म्हणाले. ते पोरगं हसलं आणि सळयांवरून उतरलं. मी त्या फांदीकडे बघत उभा राहिलो. सहा महिन्यांचा एक अख्खा विषय त्या वीतभर फांदीत होता. काँक्रीट दाब भरपूर सोसतं पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच, म्हणून जिथे ताण तिथे लोखंड. आणि त्याच लांबीला त्याच लोडला कँटिलिव्हरचा मोमेंट चौपट का, तर त्याला दुसऱ्या टोकाला टेकायलाच काही नाही, सगळं त्या मुठीवर. हे कळल्यावर दोन्ही फॉर्म्युले पाठ करायची गरजच उरत नाही, काढता येतात.

बाबांनी दुपारी जेवताना अजून एक सांगितलं, की पूर्वी एका कामावर काँक्रीट ओतताना माणसं घमेली घेऊन छज्ज्याच्या सळयांवरूनच चालत राहिली, खाली खुर्च्या, म्हणजे सळ्या वर धरून ठेवणारे आधार, नीट लावलेल्या नव्हत्या, सळ्या तळाला जाऊन बसल्या, वरून बघताना कुणाच्या लक्षात आलं नाही आणि टेकू काढले तेव्हा छज्जा दरवाजाच्या झडपेसारखा खाली लोंबला. दुपारची सुट्टी होती म्हणून खाली कुणी नव्हतं. त्या छज्ज्यात लोखंड कमी नव्हतं हो, फक्त चार इंच खाली होतं.

आता वर्गात काय होतं ते सांगतो. सर येतात, प्रोजेक्टर लावतात, स्लाइड वाचतात. स्लाइड पुस्तकातल्याच, कधीकधी खाली दुसऱ्याच कॉलेजचं नाव असतं. सोडवलेलं उदाहरण स्लाइडवर आधीच सोडवलेलं असतं, म्हणजे फळ्यावर एक एक पायरी करत कुठे अडलं कुठे चुकलं हे बघायलाच मिळत नाही. या सेमिस्टरला स्ट्रक्चरल अॅनालिसिसमध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशन आलं, हार्डी क्रॉस या अमेरिकन इंजिनिअरने १९३० मध्ये मांडलेली, फ्रेमच्या सांध्यांवर मोमेंट वाटत जायची पद्धत, कॉम्प्युटर नसताना लोकांनी याच पद्धतीने कागदावर मोठमोठ्या इमारतींच्या फ्रेम सोडवल्या. आम्हाला ते टेबल म्हणून शिकवलं. हा कॉलम भरा, फॅक्टरने गुणा, अर्धं पलीकडे न्या, परत बॅलन्स करा. मी हात वर करून विचारलं की सर पलीकडे अर्धंच का जातं, पाऊण का नाही. उत्तर मिळालं की ते तसंच असतं, परीक्षेला विचारत नाहीत. रात्री एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं, लेक्चर लावलं, आयआयटीच्या प्रोफेसरांनी एक बीम काढला, एक टोक पक्कं धरलेलं आणि दुसरं थोडं फिरवलं, दहा मिनिटांत ते अर्धं कुठून आलं ते समोर आलं. फुकट आहे ते लेक्चर, कुणीही बघू शकतं. मग आम्ही वाळपईहून पहाटेची कदंबा पकडून, फोंड्याला गाडी बदलून, दिवसातले तीन तास बसमध्ये घालवून वर्गात कशाला जातो, तर पंचाहत्तर टक्के अटेंडन्ससाठी.

लॅबचं दुःख जास्त आहे. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, आम्ही यूटीएम म्हणतो, त्यावर माइल्ड स्टीलचा गज ओढून तोडायचा हे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समधलं सगळ्यात महत्त्वाचं प्रॅक्टिकल. गज आधी सरळ हिशोबात ताणतो, मग एका ठिकाणी लोड न वाढताही लांबत जातो, मग पुन्हा जोर धरतो, शेवटी मधे बारीक होऊन मान पडते आणि तुटतो, तुटलेलं एक टोक कपासारखं आणि दुसरं शंकूसारखं. हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगतोय, बघितलेलं नाही. आमचं मशीन मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हापासून बंद आहे. आमच्या जर्नलमध्ये रीडिंग आहेत, ग्राफ आहे, सही आहे, ती रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून आणि त्यांची त्यांच्या सीनियरकडून. शेवटी तो गज कुणी आणि कधी ओढला होता देव जाणे. मशीन बंद असेल हे समजू शकतो, पार्ट मिळत नसेल, पैसे मंजूर होत नसतील, पण मग आम्हाला बस करून दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमध्ये एक दिवस न्या ना. गोवा केवढा, तासाभरात पोचतो. गज तुटताना आवाज होतो म्हणतात, सगळी लॅब दचकते. तो आवाज एकदा ऐकायचाय मला.

इथे मला सरांची बाजूही लिहायचीच आहे, नाहीतर हे पत्र अन्यायाचं होईल. स्ट्रक्चरल अॅनालिसिसला आम्हाला या एका सेमिस्टरमध्ये दोन सर झाले. पहिले लेक्चर बेसिसवर होते, दुसरीकडे कायमची नोकरी लागली, गेले, त्यात त्यांची काय चूक. दुसरे आले त्यांचं मास्टर्स एन्व्हायर्नमेंटलमधलं, सांडपाणी आणि पाण्याचं शुद्धीकरण हा त्यांचा विषय, आणि त्यावर एकदा ते अर्धा तास बोलले तर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, इतकं सुंदर शिकवलं. एक दिवस कॉरिडॉरमध्ये मी परत तोच अर्ध्याचा प्रश्न घेऊन गेलो तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले की मलाही हा विषय पहिल्यांदाच दिलाय, आठवडाभर आधी कळलं. मला त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं. तासाला मोजून पैसे मिळणार, तयारीच्या रात्रीचे कुणी देणार नाही, पुढच्या सेमिस्टरला असू की नसू माहीत नाही, त्या माणसाने कशाच्या जोरावर शिकवायचं? एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, नियम आहे की वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदावर तो आकडा जुळवता येतो, पण आकड्यातल्या माणसाला तो विषय येतो का हे कोण बघतं?

फीडबॅक फॉर्म आहे, तो सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. तोपर्यंत आमचं जे व्हायचं ते झालेलं असतं, आणि लॉगिन रोल नंबरने करायचं, मग खरं कोण लिहिणार, सगळे पाचपैकी चार देतात आणि सुटतात. मला पहिलं सुधारायला मिळालं तर हेच सुधारेन. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पहिली इंटर्नल झाली की लगेच, नाव न घेता विचारा मुलांना की काय कळलं नाही. तेव्हा अजून हातात वेळ असतो.

घरी नातेवाईक म्हणतात, मुलंच वाचत नाहीत, मोबाईल घेऊन बसतात. असतात तशी मुलं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या बेंचवर आम्ही चौघं, तिघांची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये बॅकलॉग आहे, म्हणजे नापास झाल्याने परत परीक्षा द्यायची आहे, आणि त्यातला एक मुलगा बारावीला गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. आता तो म्हणतो की मला सिव्हिल जमत नाही, मी स्टाफ सिलेक्शनची तयारी करतो. ज्यांच्या घरी पैसे आहेत ते म्हापशाला किंवा फोंड्याला खाजगी क्लास लावतात, विषयाला वेगळी फी. कॉलेजची फी भरायची आणि कॉलेजात जे शिकवायचं तेच शिकायला परत बाहेर फी. माझ्या घरी ते शक्य नाही आणि मी बाबांना कधी विचारलंही नाही.

भाषेचाही एक भाग आहे. आमच्यातले कितीतरी जण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजीतून शिकायला आमची ना नाही, कोड इंग्रजीत आहे, नोकरी इंग्रजीत आहे. पण एकदा, फक्त एकदा, ताण आणि दाब हे शब्द वापरून कुणी सांगितलं असतं तर माझं डोकं लगेच चाललं असतं. बाबांनी "शिवण" म्हटलं आणि मला रिइन्फोर्समेंट कळलं.

कुणाला वाटेल एका विषयाचं एवढं काय. बाबा सोळा वर्षांचे होते तेव्हा, १९८६ च्या जुलैत, मांडवीवरचा पूल पडला. बांधून पुरी वीस वर्षंही झाली नव्हती. खाऱ्या हवेत आतल्या केबल्स गंजल्या, असं आम्हाला नंतर वाचायला मिळालं, सिलॅबसमध्ये नाही, मी शोधून वाचलं. नवीन पूल होईपर्यंत फेरीबोटीच्या रांगेत भर पावसात तासन् तास उभं राहिल्याच्या गोष्टी बाबा अजून सांगतात. आणि ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळे कामगार. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. बाबा त्या दिवशी कामावरून आले आणि टीव्हीसमोर न जेवता बसून राहिले, ते मला नीट आठवतं. ते आमच्यातलेच लोक होते ना, सेंटरिंगखाली उभे राहणारे. दोन-चार वर्षांनी ड्रॉइंगवर आमच्या वर्गातल्या कुणाचीतरी सही असेल आणि तिच्या भरवशावर माझ्या बाबांसारखाच कुणीतरी खाली उभा असेल.

म्हणून विद्यापीठ आणि तंत्रशिक्षण खात्याच्या लोकांना माझी विनंती आहे की आमची जर्नल आणि कोर्स फाइल तपासायला याल तेव्हा एकदा लॅबमध्ये जाऊन मशीनचं बटण दाबून बघा. कायमच्या जागा भरा. ते लगेच होत नसेल तर निदान कोणता विषय कुणी शिकवायचा हे दोन महिने आधी ठरवा, म्हणजे त्या शिक्षकाला तयारीला वेळ मिळेल. आणि आठवड्याचा एक तास फक्त ट्युटोरियलचा ठेवा, फळा मुलांच्या हातात, चुकलं तर चुकू दे. आमचे सर हुशार आहेत, त्यांना वेळ द्या, ते शिकवतील, याची मला खात्री आहे.

ती काजूची फांदी मी घरी आणली होती. सुट्टी संपल्यावर बॅगेतून कॉलेजात नेली आणि कँटीनमध्ये बेंचवरच्या तिघांना दाखवली. तोवर ती वाळली होती म्हणून वाकवताना सरळ मोडली, मग आम्ही कॉलेजच्या मागून दुसरी ओली आणली. ज्याने सिव्हिल सोडायचं ठरवलंय त्याने तीन वेळा ती वाकवून बघितली आणि वहीत स्वतःहून डायग्राम काढला, बरोबर बाजूला. त्याची बॅकलॉगची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

नाव छापू नये ही विनंती.

सिव्हिल इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी,
सत्तरी