जुन्या फितीवर नवा आवाज नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अप्रकाशित गाण्यांच्या अल्बमांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ऐंशीच्या दशकात फुगवलेले केस, रंगवलेले चेहरे आणि कर्कश गिटारी घेऊन आलेल्या अमेरिकी ग्लॅम मेटल बँडांनी पुढे आपले डेमो आणि मागे राहिलेली गाणी गोळा करून संग्रह काढले. लेखकाने त्यांना ‘पातेल्याच्या तळाची खरवड’ म्हटलं आहे. खरवडीला ठेवलेली ही नावं मला पटली नाहीत. आमच्या घरी दूध आटवलं की खरवडीवरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. या संग्रहांबद्दल खरी तक्रार वेगळीच आहे. ती लेखात कुठे आली नाही, म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं. डेमो कसा होतो, ते जवळून पाहिलं आहे. पैसे कमी, स्टुडिओ तासांवर घेतलेला, त्यामुळे गाणं एक-दोनदा वाजवायचं आणि जे हाती लागेल ते घेऊन घरी जायचं. कडव्याचे शब्द कधी अर्धेच ठरलेले असतात. ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरलेला असतो. कंपनीच्या माणसाला ऐकवायचा हा कच्चा खर्डा लोकांसमोर यावा म्हणून कुणी करत नाही. पण गाणं अजून ठरत असताना ते वाजवणाऱ्यांच्या मनात काय चाललं होतं, हे त्यात जितकं स्पष्ट ऐकू येतं तितकं पक्क्या अल्बमात येत नाही.

आता ‘क्वायट रायट’ या लॉस एंजेलिसच्या बँडचं उदाहरण घेतो. रँडी ऱ्होड्स हा गिटारवादक आणि त्याचा मित्र केली गार्नी यांनी तो उभा केला. केविन डुब्रो गायचा, ड्रू फोर्सिथ ड्रम वाजवायचा. रँडीच्या आईची नॉर्थ हॉलिवूडमध्ये संगीतशाळा होती. रँडी तिथे मुलांना गिटार शिकवायचा आणि रात्री क्लबांत वाजवायचा. गावात नाव झालं, तरी एकही अमेरिकी कंपनी करार करेना. अखेर १९७८ मध्ये त्यांचे दोन अल्बम निघाले, तेही फक्त जपानात. दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर बेसवादक म्हणून रुडी सार्झोचं नाव आहे, वाजवलं आहे मात्र गार्नीने. म्हणजे कुणी काय वाजवलं याची नोंद तिथूनच बिघडायला लागली होती.

१९७९ मध्ये रँडी ऑझी ऑस्बोर्न या ब्रिटिश हेवी मेटल गायकाकडे गेला. ऑझीबरोबरचे त्याचे दोन अल्बम आज जगभरचे गिटारवादक पाठ करतात. १९ मार्च १९८२ रोजी फ्लोरिडातल्या लीसबर्ग इथे विमान अपघातात तो गेला. वय अवघं पंचवीस. डुब्रोने बँड नव्याने उभारला. १९८३ चा त्यांचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलच्या कुठल्याही अल्बमला तोवर हे जमलं नव्हतं. ते ऐकायला रँडी नव्हता. त्याचं सुरुवातीचं वादन ऐकायचं तर जपानी तबकड्या चढ्या भावाने मिळवायच्या, नाहीतर चोरून काढलेल्या कॅसेटी.

म्हणून १९९३ मध्ये ऱ्हायनो कंपनीने ‘द रँडी ऱ्होड्स इयर्स’ हा संग्रह काढला, तेव्हा माझ्यासारख्यांना फार आनंद झाला. जपानी अल्बमांतली गाणी आणि तोवर कुठेच न निघालेली काही, अशी सगळी एकत्र मिळणार होती. पुण्यातल्या एका मित्राने अमेरिकेतून आणलेली सीडी मी त्याच्याच घरी रात्री उशिरापर्यंत ऐकली. दुसऱ्याच गाण्याला कान टवकारले. गिटार विशीतल्या पोराची आणि गाणारा चांगला मुरलेला! डुब्रोने बहुतेक गाण्यांतला आपला जुना आवाज काढून नव्याने गायलं होतं आणि सगळ्याचं मिश्रणही नव्याने झालं होतं. रँडी एकवीस वर्षांचा, त्याच्या शेजारी उभा डुब्रो अडतिशीच्या घरातला. मधली पंधरा वर्षं कुणीतरी पुसून टाकलेली.

डुब्रोवर माझा राग नाही. विशीतला आपला आवाज कुठल्याच गायकाला धड ऐकवत नाही. कच्चं गाणं दुरुस्त करावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि तो आता आपल्यात नाही. पण त्या गाण्यांत रँडी डुब्रोच्या त्या वेळच्या आवाजाला उत्तर देत होता. गायक कुठे श्वास घेतो, कुठे चिरकतो, हे ऐकून गिटारवाला जागा भरतो. आपल्याकडे साथीला बसलेला पेटीवाला तेच करतो. समोरचा आवाज बदलला की त्या जागा अधांतरी राहतात. ज्याच्या नावाने संग्रह काढला, त्याचंच वादन त्यामुळे अर्धवट ऐकू येतं.

आता दुसरं उदाहरण. ‘डेंजर डेंजर’ या न्यूयॉर्कच्या बँडने १९९३ मध्ये ‘कॉकरोच’ नावाचा अल्बम गायक टेड पोलीला घेऊन ध्वनिमुद्रित केला. मग पोली बँडबाहेर गेला आणि पॉल लेनने तीच गाणी पुन्हा गायली. प्रकरण कोर्टात गेलं आणि अल्बम कंपनीच्या कपाटात पडून राहिला. २००१ मध्ये तो निघाला तेव्हा दोन तबकड्या होत्या, एकीवर लेन आणि दुसरीवर पोली. ज्याला जे आवडेल ते त्याने ऐकावं! जुन्यावर नवं चढवण्याऐवजी नवं जुन्याच्या शेजारी ठेवलं. १९९३ च्या त्या संग्रहातही डुब्रोचे दोन्ही आवाज देता आले असते.

हे इतकं जिव्हारी लागायला एक घरगुती कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका कुटुंबाने आजीच्या गाण्याचा स्पूल माझ्याकडे आणला होता. घरातलीच बैठक, नाट्यपदं. मी मन लावून फीत स्वच्छ केली. खोकला, भांड्यांचे आवाज आणि दोन पदांच्या मध्ये ‘वा, वा’ म्हणणारा एक पुरुषी आवाज, सगळं काढलं. वर्षभराने ते लोक पुन्हा आले. तो आवाज आजोबांचा होता आणि त्यांचा दुसरा कुठलाच आवाज घरात नव्हता. तोवर मूळ स्पूल भंगारात गेला होता, आणि मीही जशीच्या तशी प्रत काढून ठेवली नव्हती. ती चूक माझीच. त्यानंतर मी एकही फीत आधी आहे तशी उतरवून घेतल्याशिवाय हाताळली नाही.

आपल्या वाचकांत अनेकांच्या माळ्यावर अशा फिती असतील. बैठकीच्या, भजनी मंडळाच्या, कॉलेजातल्या बँडच्या. त्या उतरवायला द्याल तेव्हा आधी न सुधारलेली प्रत मागा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर होऊ द्या. डबीवर तारीख, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहा. मूळ फीत टाकू नका.

आणि लेखकाला एक विनंती. ‘द रँडी ऱ्होड्स इयर्स’मधलं ‘लाफिंग गॅस’ जरूर ऐका. ते लोकांसमोर वाजवलेलं आहे. मध्येच बाकीचे थांबतात आणि रँडी कितीतरी वेळ एकटाच वाजवत राहतो. गिटारच्या तेवढ्या भागावर नवा आवाज चढवायला जागाच नव्हती.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक, ठाणे