आधी फॉल्ट कोणत्या बाजूला आहे ते पाह

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद. काल तू फोनवर विचारलं, नेट सुरू झालं ना, रिसेटनेच झालं ना, अन् मी नुसतं हो हो म्हटलं कारण तुझी मीटिंग लागणार होती. पण ते खरं नाही, म्हणून हे एवढं टाइप करून राहिली. रिसेटने काहीच झालं नव्हतं, उलट दोन दिवस जास्तीचे गेले.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला तसं हे सुरू झालं. बाहेर पारा 45 वर, घरात कूलर दिवसभर भणभणतो, वाळ्याच्या ताट्या नव्या लावल्या म्हणून तेवढं बरं. सकाळी नेट एकदम मस्त चालायचं अन् दुपार झाली की राउटर मुका. दिवे लागलेले, मोबाइलमध्ये वायफायचं नावही दिसायचं, पण नेट काही उघडायचं नाही. बंद करून सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटं शहाण्यासारखा वागायचा अन् मग पुन्हा तेच. तुझे बाबा म्हणे कूलरने होते, एकाच बोर्डवर आहे ना दोन्ही. तू म्हणे आई मागे बारीक भोक आहे त्यात पिन घालून दहा सेकंद दाब. कंपनीला फोन लावला तर तो पोट्टा म्हणे मॅडम तुमच्या एरियात फायबर कट आहे, सिमेंट रोडचं काम सुरू आहे. तिघांचं तीन, अन् एकानेही मला विचारलं नाही की नेमकं होऊन काय राहिलं आहे.

मी दाबली पिन. अन् त्यासोबत कंपनीच्या माणसाने भरून दिलेलं सगळं पुसल्या गेलं, ते पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायचं युजरनेम, पासवर्ड, आपल्या वायफायचं नावसुद्धा. अरे बाप्पा, रिस्टार्ट वेगळं अन् रिसेट वेगळं, हे सांगायचं तरी होतं! रिस्टार्ट म्हणजे झोपलेल्याला उठवणं, रिसेट म्हणजे त्याची आठवणच पुसून टाकणं. ते युजरनेम कंपनीकडून परत भेटायला दोन दिवस गेले, रोज वेगळा माणूस फोनवर, रोज पहिल्यापासून गोष्ट सांगा. आता मी ते डायरीत लिहून ठेवलं आहे, दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानावर.

बरं, सगळं भरलं, नेट आलं, अन् दुपारी तीनला पुन्हा मुका.

तेव्हा मात्र मला आपलं 198 आठवलं, टेलिफोन बिघडला की तक्रार करायचा नंबर. तू लहान होता, तुला काय आठवणार, पण तक्रारीच्या टेबलावर मी किती वर्षं काढली. 2020 च्या जानेवारीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी सवय कुठे जाते. लोक फोन करायचे, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवरून, अन् म्हणायचे आमचा फोन डेड आहे. त्यावर लगेच लाइनमन पाठवायचा नसतो. आधी एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या सगळ्या लाइन येऊन जोडतात त्या फ्रेमवर, लाइन सोडवून पाहायचं की फॉल्ट एक्स्चेंजच्या बाजूला आहे की बाहेरच्या. बाहेरचा निघाला तर पुन्हा पाहायचं, खांबापर्यंत ठीक आहे का, घरातली वायर ठीक आहे का, शेवटी इन्स्ट्रुमेंट, म्हणजे फोनच बदलून पाहायचं. प्रत्येक वेळी अर्धं अर्धं कापत जायचं.

तर मी तसंच केलं. पहिले दिवे पाहिले. पॉनचा, म्हणजे फायबर जोडलेला असल्याचा दिवा हिरवा, स्थिर, अन् एलओएस, म्हणजे सिग्नल तुटल्याचा दिवा बंद. फायबर कटला असता तर तो एलओएस लाल लुकलुकला असता, म्हणजे बाहेरची लाइन चांगली, सिमेंट रोडवाल्यांना मी उगाच मनातल्या मनात बोलली. मग दुपारी तो मुका झाला तेव्हा तुझा जुना लॅपटॉप काढला अन् वायफाय नाही, सरळ केबलने जोडला. 192.168.1.1 ला, म्हणजे राउटरच्याच पत्त्याला, पिंग करून हाक मारली तर चारही वेळा उत्तर नाही. आयपीकॉन्फिग करून लॅपटॉपला कोणता पत्ता भेटला ते पाहिलं तर तो 169.254 ने सुरू होणारा. त्याचा अर्थ राउटरने पत्ता दिलाच नाही म्हणून लॅपटॉपने आपल्याच मनाने एक लावून घेतला. केबलनेही उत्तर नाही म्हणजे दोष वायफायचा नाही, भिंतीचा नाही, मोबाइलचा तर नाहीच. डब्बाच गप्प बसून राहिला होता.

मग कूलरचा बोर्ड सोडून बेडरूममधल्या दुसऱ्या सॉकेटला लावला, फायबरची वायर जरा ताणल्या गेली पण पोचली. तिथेही बंद पडला. तुझ्या बाबांना सांगितलं कूलर निर्दोष आहे, ते काही बोलले नाहीत पण कूलरचं पाणी स्वतः भरलं त्या दिवशी.

गरमी म्हणशील तर ती आहेच, आपल्या डब्ब्याच्या खोक्यावर 0 ते 40 डिग्री लिहिलं आहे अन् पश्चिमेच्या त्या भिंतीला दुपारी हात लावून पाह, म्हणून टीव्हीच्या मागून काढून मोकळ्या जागी ठेवला. थोडा जास्त वेळ चालला, पण पडलाच. अन् मी वेळ लिहून ठेवत होती ना, त्यात एक गंमत दिसली. मी एकटी मोबाइल पाहत असली तर तो दुपारीही चालतो. बाबांनी टीव्हीवर मॅच लावली, वरच्या मजल्यावरची पोरं आली अन् चार मोबाइल जोडले की संपलं. म्हणजे काम वाढलं की हा बसतो.

इथे माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. आपला जुना टेलिफोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला करंट एक्स्चेंजमधूनच यायचा, 48 व्होल्टच्या बॅटऱ्या असायच्या तिथे, तांब्याच्या वायरवरून घरापर्यंत. फायबर तर काच आहे, त्यातून उजेड येतो, करंट कुठून येणार? या डब्ब्याचं सगळं खाणंपिणं त्या एका काळ्या अडॅप्टरवर. अन् त्याच्याकडे आतापर्यंत कोणी पाहिलंच नव्हतं. हात लावला तर चटका बसला.

खालच्या मजल्यावरच्या काकांचा अडॅप्टर मागून आणला, सेम पिनचा, 12 व्होल्ट 1 अँपियर. चालला. संध्याकाळपर्यंत चालला, मॅच संपेपर्यंत चालला. खात्री करायला मुद्दाम आपला परत लावला तर अर्ध्या तासात मुका. दुसऱ्या दिवशी बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात गेली, सकाळी नऊला, ऊन चढायच्या आत, पण दुकानं उघडली साडेदहाला, तोवर तर्री पोहे खाल्ले. दुकानदाराने मीटर लावून दाखवलं, रिकामा असताना बरोबर 12 दाखवते अन् लोड दिला की 9 च्या खाली. म्हणून तर दिवे लागायचे अन् डोकं चालायचं नाही. नवा घेतला. व्होल्ट तंतोतंत तेच हवे, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात, अन् मधली पिन प्लस आहे का ते स्टिकरवरच्या गोल खुणेत पाहायचं, हे त्याने सांगितलं. चार दिवस झाले, एकदाही बंद पडला नाही.

आता तुझी गोष्ट. घरी येऊन जुन्या अडॅप्टरचं स्टिकर चष्मा लावून वाचलं तर त्यावर 0.5 अँपियर. अन् राउटरच्या बुडाला लिहिलं आहे 1. म्हणजे हा राउटरचा नव्हताच, जुन्या सेट टॉप बॉक्सचा होता. मग आठवलं, दिवाळीत निघायच्या दिवशी तू घाईघाईत टीव्हीखाली काहीतरी करून राहिला होता अन् म्हणाला होता, आई माझा पुण्याचा अडॅप्टर जळाला, हा घेऊन जातो, तुझ्यासाठी दुसरा लावून देतो. थंडीत त्या बिचाऱ्याने कसंबसं निभावलं, मे महिन्यात जीव टाकला.

मी रागावली नाही. बाबांना अजून सांगितलं नाही. पण तू आत्ता उठ अन् तुझा राउटर उलटा करून बुडाला काय लिहिलं आहे ते वाच. काही राउटर 9 व्होल्टचे असतात अन् तू नेलेला 12 चा आहे. 9 असेल तर पहिले तो काढ अन् मग मला फोन कर. दोन्ही स्टिकरचे फोटो पाठव, नीट उजेडात काढलेले.

तुझी,
आई