कंट्रोल-एस सांगणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून निघताना आभार मानायचे राहून गेले. बाहेर रिक्षा थांबली होती आणि तुमच्यासमोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. म्हणून आज लिहिते आहे. चारचौघांसमोर लिहिते, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते आणखी कुणाच्या तरी रात्री कामी येईल.

मी चादरींची डिझाइनं काढते हे तुम्हाला ठाऊक आहेच. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, ग्राफवरचा एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा धागा उचलायचा की खाली ठेवायचा, याचा हुकूम. एक चौकोन चुकला तर नक्षी जितक्या वेळा येते तितक्या वेळा ती चूक चादरीवर उमटते. त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर मोराची मान भरत होते आणि माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. माऊसच्या पोटातला लाल दिवा तर पेटलेला. कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी पाटी. पुढच्या पोर्टमधून काढून मागच्यात लावला, तरी तेच. दोन तासांचं काम सेव्ह केलेलं नव्हतं आणि सकाळी डिझाइन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पोचवायचं होतं. जिथून कॉम्प्युटर घेतला त्या दुकानात फोन लावला, तर न बघताच उत्तर आलं, "मदरबोर्ड गेला असणार. आणून ठेवा, आठवडा लागेल." मला रडूच कोसळलं.

शेजारच्या काकूंनी तुमचा नंबर दिला. तुम्ही जेवत होतात, तरी फोन उचललात. तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे : "ताई, मशीन बंद करू नका. कीबोर्ड चालतोय ना? मग कंट्रोल धरून एस दाबा." माझा जीव भांड्यात पडला तो तिथेच. कारण शोधण्याआधी तुम्ही माझं काम वाचवलंत.

मग डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबायला लावलंत. स्क्रीनवर प्रश्न आला, एंटर मारलं, आणि उजवीकडच्या आकड्यांवर बाण चालायला लागला! 8 वर, 2 खाली, 4 डावीकडे, 6 उजवीकडे आणि 5 म्हणजे क्लिक. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर बसते, पण ही सोय त्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. चौकोन-चौकोन करत मोराची मान पुरी झाली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता.

सकाळी डिझाइन देऊन सीपीयू आणि माऊस घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही आधी तुमचा माऊस माझ्या सीपीयूला लावलात, तो चालला. मग माझा माऊस तुमच्या कॉम्प्युटरला लावलात, तो तिथेही ओळखला गेला नाही. दोन मिनिटांत मदरबोर्डवरचा आळ गेला. मग तुम्ही वायर माऊसमध्ये शिरते तिथे अंगठ्याने जराशी वाकवलीत आणि कॉम्प्युटरने 'टिंग' केलं. सोडलीत, पुन्हा गप्प.

तळाच्या स्टिकरखालचा स्क्रू काढून तुम्ही मला आतल्या चार तारा दाखवल्यात. लाल आणि काळीतून वीज येते, म्हणून दिवा पेटतो. हिरवी आणि पांढरी कॉम्प्युटरशी बोलतात. माझी हिरवी तुटली होती, प्लास्टिकच्या आतल्या आत, वरून काही दिसत नव्हतं. दिवा पेटतोय म्हणजे माऊस चांगला, असं मी रात्रभर धरून चालले होते. तुम्ही खराब तुकडा कापलात, चारही तारा सोलून पुन्हा डाग दिलात. नवा माऊस गळ्यात मारणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही मला शेजारी बसवून सगळं समजावलंत आणि वर पैसेही घेतले नाहीत.

आता दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस आपोआप दाबलं जातं, आणि वायर सीपीयूला गुंडाळून ठेवायची सवय मी मोडली आहे.

मोराची पहिली चादर कालच मागावरून उतरली. मान नीट आली आहे, एकही धागा चुकलेला नाही. रविवारी ती घेऊन येते, सोबत आईने कुटलेली शेंगाचटणी. पैशांना नाही म्हणालात, चादरीला म्हणू नका.

तुमची,
अशोक चौकातली ताई