ताम्रपटातले आहार आणि आजची शिवारे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रामटेकजवळच्या नगरधन गावाच्या नावाची ‘नगरात धन म्हणून नगरधन’ ही फोड ऐकायला गोड, पण जुने रूप नंदिवर्धन आहे. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याची ही राजधानी. ‘वर्धन’चे ‘धन’ झाले आणि पुढे ‘नगर’ हा ओळखीचा शब्द नावात शिरला. रामटेकच्या ‘टेक’चा अर्थ रामाची प्रतिज्ञा असा सांगतात, तेही तसेच. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या रिद्धपूर ताम्रपटात ‘रामगिरिस्वामी’ आहे, तर रामटेकच्याच यादवकालीन शिलालेखात सिंदुरगिरी. म्हणजे डोंगर तोच, नावे काळाप्रमाणे वेगळी.

जुन्या लेखातले गाव आजचे कोणते हे ठरवताना आधी सर्वांत जुने लेखी रूप घ्यावे आणि मग दानपत्रातल्या चतुःसीमा नकाशावर जुळवाव्यात. नुसता उच्चार फसवतो. प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटातले दंगुण गाव सुप्रतिष्ठ आहारात होते. आहार म्हणजे आजच्या जिल्ह्या-तालुक्यासारखा महसुली विभाग. प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी दंगुण म्हणजे हिंगणघाट ठरवले, ते शेजारच्या गावांच्या आधाराने. त्यांतल्या शीर्षग्रामाचे शिरसगाव सहज होते. पण शिरसगावे विदर्भात अनेक आहेत, म्हणून एका नावावर भागत नाही, चारही शिवा लागतात.

वाकाटकांची पुढची राजधानी प्रवरपूर नेमकी कुठे, हा वादही यातूनच आहे. मिराशी पवनार म्हणतात, तर उत्खननानंतर काहींचा कौल मनसरला आहे. गावोगावच्या माहितीफलकांवर मात्र दंतकथा आणि लेखातला पुरावा एकाच ओळीत लिहिलेले असतात. दोन वेगळ्या ओळी कराव्यात, आणि लेखाचे नाव व राजाची कारकीर्द द्यावी. एवढी जागा फलकावर असते.

— एक वाचक, नागपूर