पत्र्याच्या पेटीतलं सोलापूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे वडील इथल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. मध्यंतरात विकली जाणारी गाण्यांची पुस्तकं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली. पातळ गुलाबी कागद, कोपऱ्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग. सोबत आजोबांचा गिरणीचा पितळी बिल्ला. त्यावरचा आकडा झिजलाय, पण उजेडात तिरका धरला की अजून वाचता येतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाड्यातली पोतंभर सिनेमाची पोस्टरं रद्दीत गेली. मी पोचेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. जीव फार हळहळला.

पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते गोळा केले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने १९६२ मध्ये संग्रहालय उभं केलं. मुंबईत गुलशन महालात २०१९ पासून सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आपणही चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या, आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं स्मारक उभारलंच की! मग १८७७ मध्ये पहिली गिरणी सुरू झालेल्या या गावात चादरींची लेबलं, बिल्ले, पोस्टरं, काडेपेट्यांची चित्रं यांना एक दालन का मिळू नये?

महापालिकेने निदान एक कोरडी, वाळवी नसलेली खोली द्यावी. वस्तू लोक आणून देतील. फक्त देणाऱ्याने सांगितलेली हकिकत त्या वस्तूखाली लिहून ठेवा. ती गेली तर बिल्ला म्हणजे नुसतं पितळ. खोली मिळाली की पेटी घेऊन पहिली मी येईन.

एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर