दूध न सोसणाऱ्या मुलींसाठी : आदिवासी विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मुलींच्या आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून माझी सारी नोकरी झाली. आता निवृत्त आहे. आश्रमशाळांत २०० मिलिलिटर दुधाचं जे पाकीट दिलं जातं, त्याबद्दल लिहिते आहे. ते बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. बहुतेक मुली ते आवडीने पितात, त्यांना ते मिळालंच पाहिजे.

पण पाचवीतली एक मुलगी दोन घोट घेऊन उरलेलं दूध न्हाणीमागच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतायची. मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा मला कळलं. मी रागावले. दुसऱ्या दिवसापासून तिला समोर उभं करून पाकीट संपवायला लावलं. तिसऱ्या तासाला ती पोट आवळून संडासापाशी बसलेली असायची. ‘‘बाई, पोटात गुरगुरतंय,’’ एवढंच म्हणायची. आठवडाभर मी ते नाटक समजले. ती चूक मला अजून सलते.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मग मला नीट समजावलं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज लहान आतड्यात तयार होतं, आणि अंगावरचं दूध सुटल्यावर पुष्कळ मुलांत ते हळूहळू कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. पोट फुगतं, कळा येतात, पातळ जुलाब होतात. मोठ्या जुलाबाच्या दुखण्यानंतर ज्यांना एरवी दूध पचतं त्यांनाही काही आठवडे असं होतं, आतडं सावरलं की थांबतं. ॲलर्जी वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांची असते, अंगावर गांधी उठतात, धाप लागू शकते, आणि तिथे घोटभर दूधही धोक्याचं. लॅक्टोजचं तसं नाही. जेवणाबरोबर थोडं दूध अनेकींना सोसतं. दही-ताक त्याहून बरं, कारण विरजणाने काही साखर आधीच संपवलेली असते.

डॉक्टरांनी दोन आठवडे दूध थांबवलं. कळा गेल्या. पुन्हा देऊन पाहिलं तर परत आल्या. त्यानंतर तिच्या ताटात ताक आणि नाचणीची भाकरी आली, आणि तिसऱ्या तासाला ती वर्गात दिसू लागली.

महोदय, माझ्या नोंदवहीत ‘पाकीट दिले’ एवढाच रकाना होता. ‘सोसले नाही’ असाही एक असू द्या. त्यात नाव आलेल्या मुलीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने किंवा जवळच्या आरोग्य केंद्राने तपासावं, कारण पोट जंतांनी आणि खराब पाण्यानेही दुखतं. अंदाजाने कुणाचं दूध तोडू नये. पण ज्या मुलीला ते खरंच सोसत नाही, तिला पाकिटाच्या बदली वाटीभर दही, अंडं किंवा नाचणीचं आंबील मिळावं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. ते सगळं अंगी लागत नाही, म्हणून सोबत दही-ताक हवंच. विरजण लावायला आमच्या स्वयंपाकीणबाईंना कुणी शिकवायला नको. त्यांना दूध आणि परवानगी तेवढी हवी.

आणि परिपत्रकात एक ओळ घाला : दूध नको म्हणणाऱ्या मुलीला सक्तीने पाजू नये, आधी तिचं पोट दुखतं का ते विचारावं. तशी ओळ माझ्या हाती असती, तर मी तिला त्या आठवड्यात समोर उभं केलं नसतं.

आपली,
एक निवृत्त अधीक्षिका
जि. पालघर